शिरोड्याच्या मिठागरात नकाशा शिकताना

सावंतवाडीहून निघालेली एस.टी. शिरोड्याच्या नाक्यावर थांबली, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. आम्ही तिघी उतरलो. एकीच्या पाठीवर लॅपटॉप, दुसरीच्या हातात गुंडाळी केलेला नकाशा आणि तिसरीजवळ खालाने बांधून दिलेला डबा. आम्ही जिओइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी. एक कुडाळची, एक रत्नागिरीची, एक मिरजेची. प्रकल्पासाठी प्रत्येक गटाला किनाऱ्यावरचा एक तुकडा वाटून दिला होता. आमच्या वाट्याला शिरोड्याची खाडी आणि मिठागरं आली. कुडाळच्या मैत्रिणीची खाला सावंतवाडीला राहते, म्हणून मुक्कामाची सोय झाली. नाहीतर तीन मुलींना चार दिवस बाहेर पाठवायला आमच्या घरचे सहज तयार झाले नसते.

मिरजेच्या मैत्रिणीचे अब्बा तर शेवटपर्यंत कुरकुरत होते. "गूगलवर सगळे नकाशे आहेत. तुम्ही नवं काय काढणार?" हा त्यांचा प्रश्न. निघताना त्यांनी तिला एक कामही सांगितलं, "एवढं शिकतेस तर शिरोड्यातून किब्ल्याची दिशा बरोबर किती अंशांवर येते, ते काढून आण." त्या कामाचं काय झालं ते पुढे सांगूच. आधी आमची फजिती सांगतो.

शिरोडं समुद्रात बुडालं

शिरोडा हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. उत्तरेला आरवली, दक्षिणेला रेडी आणि त्याच्या पुढे तेरेखोलची खाडी. नकाशावर ते साधारण १५ अंश ४६ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ३९ मिनिटे पूर्व रेखांशावर येतं. महाविद्यालयात बसून आम्ही पहिल्यांदा हे आकडे संगणकात भरले, ते १५.४६ आणि ७३.३९ असे. अंशाची मिनिटं ६० असतात, १०० नव्हेत, हे शाळेत पाठ केलेलं त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. ४६ मिनिटं म्हणजे ०.४६ अंश नव्हे, ०.७७ अंश. परिणाम असा झाला की आमचं शिरोडं गोव्यासमोर अरबी समुद्रात जाऊन पडलं.

ती चूक दुरुस्त केली आणि गावांची यादी नावावरून शोधायला लावली, तर दुसराच घोळ. संगणकाने शिरोडा शोधलं ते गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं. तिथेही याच नावाचं मोठं गाव आहे, दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर. कुडाळच्या मैत्रिणीची आजी ऐकून हसली. म्हणाली, "आमच्याकडे माणूस 'खंयचा शिरोडा?' असं आधी विचारतो." आजीला जे ठाऊक होतं ते आमच्या यंत्राला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय आम्ही एक ओळही भरत नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाचं १:५०,००० प्रमाणाचं पत्रक आम्ही छापून आणलं होतं. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. बारीक पेन्सिलीने अर्धा मिलिमीटर जाड रेघ ओढली तरी तिच्याखाली २५ मीटर जागा झाकली जाते. म्हणजे एक घर, त्याचं खळं आणि पुढची विहीर. कागदावर रेघ ओढताना हात हलका ठेवायला आम्ही तिथे शिकलो.

या पत्रकांमागे मोठा इतिहास आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात १७६७ची. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी त्रिकोणमितीने देश मोजायला घेतला आणि ते काम करता करताच १८२३ साली आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला, त्यांचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात या मोजणीची नाजूक उपकरणं दुरुस्त करण्याचं काम आर्कोटच्या सय्यद मीर मोहसीन हुसैन यांनी केलं. या कारागिराचं कौशल्य पाहून कंपनी सरकारने त्यांना गणिती उपकरणं बनवण्याच्या पदावर नेमलं. शिखरांना साहेबांची नावं मिळाली, पण कोन मोजणारं यंत्र नीट चालावं म्हणून झटणारे हात असेही होते.

एक ठिपका, एक गुंठा

नाक्यावरून मिठागराकडे चालत निघालो. शिरोड्याला दोन गोष्टींनी महाराष्ट्रात नाव मिळवून दिलं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं इथल्या शाळेत शिक्षक होते. आणि मे १९३०मध्ये इथल्या मिठागरावर मिठाचा सत्याग्रह झाला. शाळेच्या पुस्तकात दांडी सगळ्यांनी वाचलेली असते. पण आपल्याच किनाऱ्यावर, मे महिन्याच्या उन्हात, मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, हे आमच्यापैकी दोघींना शिरोडा वाट्याला येईपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं काम होतं मिठागर आज किती जागेवर उरलं आहे आणि कुठला भाग कशासाठी वापरला जातो हे दाखवणं. त्यासाठी उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोन. तो होतो १०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा आकाशातून पाहणाऱ्या या डोळ्याला एका वेळी साधारण एक गुंठा दिसतो, त्याहून बारीक नाही. ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना हे लगेच कळेल. एका गुंठ्यात अर्धा वाफा, पाव बांध आणि उरलेलं पाणी असेल, तर उपग्रह त्या सगळ्याचा मिळून एकच रंग पाठवतो. तो रंग कशाचा, हे माणसाने ठरवायचं असतं.

आम्ही महाविद्यालयात बसून ते ठरवून टाकलं होतं. पांढरं दिसेल ते मीठ, निळं ते पाणी, हिरवी ती झाडी. खाडीच्या बाजूला एक मोठा करडा तुकडा होता. तो कोरडा, ओबडधोबड, त्यावर काही उगवलेलं नाही. आम्ही त्याला नाव दिलं "पडीक". रंग भरला, सूची केली, छापून घेतलं आणि तोच कागद घेऊन शिरोड्याला आलो.

"ह्यां पडीक न्हय गे बाय"

मिठागरावर एक वयस्क काका फावड्यासारख्या लांब दांड्याच्या लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ काठाकडे ओढत होते. फेब्रुवारीचं ऊन चढू लागलं होतं. आम्ही सलाम केला, त्यांनी नमस्कार केला. कुठल्या, कोणाच्या, कशाला आलात, अशी चौकशी झाली. रत्नागिरीच्या मैत्रिणीने बांधावर नकाशा पसरला आणि आपण कुठे उभे आहोत ते बोटाने दाखवलं. काकांना नकाशा पटकन समजला. खाडी, रस्ता, वाफे त्यांनी आमच्याआधी ओळखले. मग त्यांचं बोट करड्या तुकड्यावर थांबलं.

"हयसर काय लिवलंत?"

"पडीक, काका. वापरात नसलेली जमीन."

त्यांनी फळी खाली ठेवली. "ह्यां पडीक न्हय गे बाय. हयसर पाणी तापता. पाणी तापला नाय तर मीठ खंयसून येतला?"

मग त्यांनी आम्हाला बांधावरून फिरवून सगळं मिठागर समजावून दिलं. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी दारातून आत घ्यायचं आणि मोठ्या तळ्यात साठवायचं. तिथे ते उन्हात निवांत पडून राहतं, गाळ खाली बसतो. मग एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात, उतरत्या पातळीवर, पाणी हळूहळू सरकवायचं. प्रत्येक टप्प्यावर ते आटतं आणि दाट होतं. पुरतं दाट झालं की शेवटच्या उथळ वाफ्यांत सोडायचं, आणि तिथे मीठ धरतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच बोमे अंशात लिहिलेलं असतं. समुद्राचं पाणी ३ अंशांच्या आसपास असतं आणि मीठ धरायला सुमारे २५ अंशांपर्यंत दाट व्हावं लागतं. काका तो आकडा सांगत नाहीत. ते पाण्यात बोट बुडवून चोळून पाहतात.

म्हणजे पांढरे दिसणारे वाफे ही मिठागराची शेवटची पायरी. तिच्यामागे कितीतरी जास्त जागा पाणी साठवायला आणि तापवायला लागते. आम्ही शेवटची पायरी तेवढी "मिठागर" म्हणून रंगवली होती आणि बाकीच्या जिन्याला "पडीक" ठरवलं होतं.

पण तळं प्रतिमेत कोरडं का दिसलं? याचं उत्तरही काकांनीच दिलं. त्यांनी विचारलं, "फोटो खंयच्या दिसाचो?" आम्ही तारीख सांगितली. त्यांनी मनात तिथी मोजली आणि म्हणाले, तेव्हा भांग होता. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती दुबळी. भांगाच्या दिवसांत पाणी दारापर्यंत पोचत नाही, साठलेलं पुढे सरकवलेलं असतं आणि तळ उघडा पडतो. आम्ही नेमका तसा दिवस उचलला होता, कारण त्या दिवशी आकाशात ढग नव्हते. प्रतिमा स्वच्छ होती, पण आमचा अर्थ चुकला होता.

त्या रात्री खालाच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आम्ही प्रथमच अभ्यासाच्या नजरेने पाहिलं. इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात हिजरी तारीख असते. आपण ती रमजान, ईद, शब-ए-बरातपुरती बघतो. पण चंद्राचा महिना म्हणजे समुद्राचंच वेळापत्रक. हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि १४-१५ तारखेच्या आसपास उधाण, ७-८ आणि २२च्या सुमारास भांग. सेंटिनेल-२ आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या जवळपास पूर्ण होते, म्हणून त्या दिवसांच्या प्रतिमेत पाणी चढलेलं दिसतं. भांगाच्या दिवसांत त्याच वेळी ओहोटी असते. आम्ही जमिनीवर बसून जुन्या प्रतिमांच्या तारखा आणि हिजरी तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. खाला चहा ठेवताना म्हणाली, "मग तुमच्या कॉलेजात हे कॅलेंडर लावत नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी उधाणाच्या आणि भांगाच्या दोन्ही प्रतिमा घेऊन परत मिठागरावर गेलो. उधाणाच्या प्रतिमेत तो करडा तुकडा निळा होता.

एका शब्दाची किंमत

हे एवढं लांबवून सांगतोय, कारण नकाशावरचा शब्द नुसता शब्द राहत नाही. नकाशा छापला की तो टेबलावरून टेबलावर जातो. पाहणाऱ्याने शिरोडं पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त "पडीक" हा शब्द असतो. पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे मोकळी, मोकळी म्हणजे भराव टाकायला हरकत नसलेली. आणि पाणी तापवायची जागाच गेली, तर पुढचे वाफे आपोआप मरतात. तिथे हाताने मीठ ओढणाऱ्या माणसाचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. आम्ही तिघी विद्यार्थिनी, आमचा नकाशा बहुधा कपाटातच राहील. पण असेच नकाशे काढणाऱ्या नोकऱ्यांत उद्या आम्ही असू. म्हणून ही चूक आत्ताच झाली आणि बांधावर पकडली गेली, याबद्दल अल्लाहचे आभार मानतो.

रेषा कुठे पडते याचा विचार करायला लावणारं आणखी एक ठिकाण शिरोड्याजवळच आहे. तिसऱ्या दिवशी रेडीमार्गे तेरेखोलला गेलो. नदी ही सरहद्द, उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला गोवा, असं आपण धरून चालतो. पण तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर काठाला, आपल्या बाजूला, असूनही गोव्यात आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यात जेवढं होतं तेवढं १९६१ नंतर गोव्यात राहिलं. संगणकात नदीलाच हद्द मानून रंग भरला असता, तर एक अख्खं गाव दुसऱ्या राज्यात गेलं असतं.

किब्ल्याचा हिशेब

आता अब्बांचं काम. शेवटच्या संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापुढे वाळूत बसलो होतो. ओहोटीने किनारा रुंद झाला होता. मिरजेच्या मैत्रिणीने लॅपटॉपवर शिरोडा आणि मक्का हे दोन बिंदू ठेवले आणि भिंतीवर लावतात तसल्या सपाट नकाशावर सरळ रेघ ओढली. कोन आला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १० अंश. मग तिने गोलावरच्या त्रिकोणमितीने हिशेब केला. उत्तर आलं १५ अंश. दोनदा पडताळलं, तरी पाच अंशांचा फरक तसाच.

कुठलाही आकडा चुकला नव्हता. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर पसरली तर ती कुठेतरी फाटते, कुठेतरी ताणली जाते. गोल पृथ्वी कागदावर आणताना तेच होतं. म्हणून सपाट नकाशावरची सरळ रेघ ही जमिनीवरची सर्वांत जवळची वाट नसते. शिरोड्याहून मक्का सुमारे ३६०० किलोमीटरवर आहे, आणि तिथे नेणारी सर्वांत जवळची वाट निघताना उत्तरेकडे थोडी जास्त झुकते. प्रक्षेपण हा धडा वर्गात दोन वर्षं घोकूनही जो समजला नव्हता, तो त्या संध्याकाळी समजला.

सूर्य मावळत होता. आपल्याकडे मावळतीची दिशा तोच किब्ला असं ढोबळपणे म्हणतात. आम्ही मोजलं. फेब्रुवारीत सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो, म्हणजे किब्ल्याच्या जवळजवळ ३० अंश डावीकडे. तोच सूर्य एप्रिल संपता संपता शिरोड्यात अगदी किब्ल्याच्या दिशेला मावळतो. याहून सोपी खूण मे महिन्यात मिळते. २७-२८ मे रोजी भारतीय वेळेप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी अंगणात उभी काठी रोवली, तर सूर्याकडची दिशा हाच किब्ला. सावली त्याच्या उलट पडते. यंत्र नको, इंटरनेट नको. जुलैच्या १५-१६ तारखेलाही हा योग येतो, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसला तर नशीब. या आकड्यांवरून कुठल्या मशिदीच्या सफा फिरवायला आम्ही निघालेलो नाही. तो विषय उलमांचा. आम्ही फक्त हिशेब शिकलो.

हा हिशेब आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. अल-बिरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी गझनी शहराचे अक्षांश-रेखांश ठरवण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यामागचा एक हेतू तिथून किब्ल्याची दिशा अचूक काढणं हा होता. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभं राहून त्यांनी क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. अल-इद्रीसी यांनी ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला, त्यात दक्षिण वर होती. उत्तर वरच असली पाहिजे असं पृथ्वीवर कुठे लिहिलेलं नाही, हे तो नकाशा बघितल्यावर कळतं.

ज्यांना हे शिकायचं आहे

आमच्या धाकट्या बहिणी-भावांनी विचारलं म्हणून थोडं कामाचं लिहितो. नकाशाशास्त्र शिकायला महागडं साहित्य लागत नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आपल्या गावाची प्रतिमा पाहता येते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घेते. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. बारावीनंतर भूगोल, संगणक किंवा स्थापत्य, कुठल्याही वाटेने इथे येता येतं. दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम करून भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या भरतीला बसणारी मुलंही आहेत. मुलींना हे काम जमत नाही असं कुणी म्हटलं, तर आमच्या तीन जोड्या झिजलेल्या चपला दाखवू.

सुरुवात घरापासून करा. आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. त्यात विहीर, मशीद, शाळा, दवाखाना, पावसात पाणी तुंबतं ती जागा, आजी चालताना जिथे ठेचकाळते तो दगड, सगळं दाखवा. मग तो नकाशा मोहल्ल्यात सगळ्यांत जास्त वर्षं राहिलेल्या माणसाला दाखवा आणि त्याने चूक काढली की रागावू नका.

आमचा नकाशा महिन्याभराने पूर्ण झाला. करडा तुकडा आता फिकट निळा आहे आणि सूचीत त्याच्यापुढे लिहिलं आहे: "पाणी तापवण्याची तळी, मिठागराचा भाग." परीक्षकांनी विचारलं, हे वर्गीकरण कुठल्या पुस्तकातलं? आम्ही मिठागरावरच्या काकांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

एक प्रत मिरजेच्या अब्बांनी दिवाणखान्यात लावली आहे. पाहुणे आले की ते १० आणि १५ अंशांची गोष्ट स्वतःच सांगतात, आणि "गूगलवर सगळं आहे" असं कुणी म्हटलं की आधी त्यांनाच राग येतो. दुसरी प्रत प्लास्टिकमध्ये घालून आम्ही शिरोड्याला पाठवली. काकांनी निरोप धाडला की नकाशा पोचला, बरोबर आहे, फक्त दाराची जागा थोडी उत्तरेला हवी. पावसाळा संपला की, इन्शाअल्लाह, परत जाऊन ती मोजून येणार आहोत.